वीरभद्रप्पांची मानाची फाईल

विष्णुपुरीला विद्यापीठाच्या रस्त्यावर टायपिंगची आणि झेरॉक्सची जेवढी दुकानं आहेत, त्यांत सगळ्यांत अरुंद दुकान वीरभद्रप्पांचं. पाटीवर ‘रत्नम्मा डीटीपी, झेरॉक्स व बाइंडिंग’ असं लिहिलेलं आहे. रत्नम्मा म्हणजे त्यांची आई. ती उदगीरला असते आणि आपल्या नावानं नांदेडात काय चालतं हे तिला आजही नीटसं ठाऊक नाही. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि प्रबंधांच्या ढिगाऱ्यात बसलेले अप्पा. वय सेहेचाळीस, कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग आणि खिशात चार रंगांची चार पेनं. गेल्या वीस वर्षांत आमच्या भागात जे कोणी औषध न देणारे डॉक्टर झाले, त्यांतले निम्मे तरी या खुर्च्यांवर बसून झाले आहेत. मीही त्यांतलीच.

माझं नाव मालविका. नांदेडच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. माझा स्वभाव तापट आहे असं घरचे म्हणतात. मला वाटतं, माणसं फार हळू आहेत. अकरा वर्षं मी सहयोगी प्राध्यापक व्हायची वाट बघत होते, आणि दर वेळी कुठला तरी एक कागद कमी पडायचा. शेवटी फक्त एकच गोष्ट राहिली होती: मान्यताप्राप्त नियतकालिकात एक शोधनिबंध. तो छापून आला की समितीपुढे जायचं, आणि मग माझ्या मागून नोकरीला लागून माझ्या पुढे गेलेल्या लोकांच्या शेजारी ताठ मानेनं बसायचं.

निबंध लिहिणं तसं अवघड नसतं. अवघड असते ती शेवटची संदर्भसूची. कोणाकोणाच्या पुस्तकातून काय घेतलं त्याची यादी. आधी आडनाव, मग नावाचं अद्याक्षर, मग कंसात साल, मग तिरक्या अक्षरात पुस्तकाचं नाव, मग प्रकाशक. स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम पडला की संपादक निबंध परत पाठवतात. आत काय लिहिलंय ते वाचायला त्यांना वेळ नसतो, पण पूर्णविराम लांबूनही दिसतो. आम्ही सगळे ही यादी अप्पांच्या गळ्यात मारतो आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला जातो.

अप्पा मूळचे लग्नपत्रिकावाले. उदगीरला त्यांनी आठ वर्षं फक्त पत्रिका जुळवल्या. पत्रिकेत सगळ्यांत वर जगद्गुरूंचा कृपाशीर्वाद, खाली घराण्यातले मोठे, मग मामेमंडळी, मग कार्यवाहक, आणि जे गेले त्यांच्या नावामागे ‘लिं.’, म्हणजे लिंगैक्य. दुसऱ्या समाजाची पत्रिका असली की ‘कै.’. एकदा एका पत्रिकेत थोरल्या मामाचं नाव धाकट्याच्या खाली गेलं. मामा लग्नाला आला, पण मांडवात पाऊल टाकेना. अक्षता पडायची वेळ झाली तरी बाहेर मोटारसायकलवर बसून राहिला. शेवटी अप्पांनी पळत जाऊन नवी पत्रिका छापून आणली, मामाच्या हातात दिली, तेव्हा तो आत आला आणि जेवला.

“तवापासून मी कागदावर माणूस लई जपून ठिवतो, मॅडम,” असं अप्पा सांगतात.

आता असा माणूस संदर्भसूची करायला बसल्यावर काय होणार? माझ्या पीएच.डी.ची यादी त्यांनी केली तेव्हा पहिल्या क्रमांकावर माझे मार्गदर्शक होते. अकारविल्हे लावली तर ते शेवटून दुसरे येत होते. मी विचारलं, “अप्पा, हे वर कसे?” तर म्हणाले, “गुरू हायत. वरच असतेत.” त्यांच्या खाली वयानुसार बाकीचे. गेलेल्यांच्या मागे ‘कै.’, लिंगायत असतील तर ‘लिं.’, एका उर्दू लेखकाच्या मागे ‘मरहूम’, आणि एका इंग्रज भूगोलतज्ज्ञाच्या मागे काय लावायचं हे न सुचल्यामुळे एक छोटंसं फूल. सहा लेखकांनी मिळून लिहिलेल्या लेखात पहिलं नाव देऊन पुढे ‘इत्यादी’ लिहायचं असतं, हे ऐकल्यावर तर ते खुर्चीतून उठलेच.

“पाच माणसं गाळून इत्यादी? त्यांच्या घरी कळलं तर?”

मी त्या दिवशी एवढी ओरडले की समोरचा टपरीवाला चहा घेऊन धावत आला. पण अप्पा शिकले. एपीए म्हणून जी अमेरिकन पद्धत आहे, तिचे सगळे नियम त्यांनी एका वहीत उतरवले आणि त्या वहीला देवघरातल्या पोथीसारखं पिवळं कापड बांधलं. आज नांदेड-लातूरकडे ती पद्धत त्यांच्याइतकी कोणाला येत नसेल. मुलं हल्ली सॉफ्टवेअर वापरतात. अप्पांनीही वापरून बघितलं आणि काढून टाकलं. “त्याला कोण थोर, कोण धाकटं, काई कळत न्हाई,” म्हणाले.

सवय मात्र सुटली नाही. अजूनही ते आधी मानाची फाईल करतात. त्यात ज्येष्ठतेनं क्रम, सगळ्यांची पूर्ण नावं, गेलेल्यांना कै. आणि लिं. ती पूर्ण झाली की तिच्यावरून जर्नलची फाईल करतात, त्यात सगळे सारखे. जर्नलची ईमेलनं जाते. मानाची ते छापून गिऱ्हाइकाच्या हातात देतात आणि सांगतात, “ही घरी ठिवा.” आणि मानाच्या फाईलसाठी कोण हयात आहे, कोण नाही, हे पक्कं माहीत असावं लागतं. जिवंत माणसामागे कै. लागलं तर अप्पांना रात्रभर झोप येत नाही. म्हणून ते फोन करतात. लेखकाला, नाही तर लेखकाच्या गावातल्या कोणाला तरी. या माणसाच्या ओळखीच्या पत्रिका चार जिल्ह्यांत वाटल्या गेल्या आहेत, त्यामुळे कोणाचा ना कोणाचा नंबर सापडतोच.

मंगळवारी मला पुण्याच्या त्रैमासिकाकडून ईमेल आली. ‘नांदेड जिल्ह्यातील आठवडी बाजार’ हा माझा निबंध त्यांना पसंत होता. फक्त संदर्भसूची एपीएप्रमाणे करून सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवावी, अंक छपाईला जातो आहे. पुढच्या महिन्यात समितीची बैठक. मी ती ईमेल चार वेळा वाचली, आईला फोन केला, आणि पेन ड्राइव्ह घेऊन विष्णुपुरी गाठली.

गुरुवारी सकाळी मी वर्गात असताना अप्पांचा फोन आला. तास संपवून लावला.

“मॅडम, बोईनवाड सर खुशाल हायत,” अप्पा म्हणाले.

“कोण बोईनवाड?”

“घ्या! तुमच्या यादीतलेच की. चोविसावे. व्यंकटी बोईनवाड, नायगाव. तब्येत चांगली हाय, ऐंशी सरलीत, गुडघे तेवढे धरतेत.”

“बरं झालं. मग कै. लावू नका.”

“न्हाई लावत. पण मॅडम, सर हायत अन् पुस्तक न्हाई.”

“नाही म्हणजे? संपलंय का?”

“निघालंच न्हाई कदी.”

मी कॉलेजच्या जिन्यात उभी होते. तिथेच पायरीवर बसले. मुलं बाजूनं चालली होती आणि ‘मॅडम, नमस्ते’ म्हणत होती. मी त्यांना काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही.

दुपारी दुकानात गेले. अप्पांनी टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं. बोईनवाड, व्यं. (१९९१). ‘बाजारवार’. नायगाव. या पुस्तकाचा संदर्भ आजवर एकसष्ट प्रबंधांत आणि लेखांत आला होता. अप्पांनी आपल्या आणि दोन शेजारच्या दुकानांतल्या फाइली चाळून सगळ्यांची यादी काढली होती. सगळ्यांनी एकच वाक्य घेतलं होतं: ‘शेजारील गावांचे बाजारवार कधीही एकाच दिवशी येत नाहीत (बोईनवाड, १९९१, पृ. ४३).’ मीही तेच घेतलं होतं. कुठून घेतलं? माझ्या एका सहकाऱ्याच्या लेखातून. त्यानं कुठून घेतलं हे विचारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी म्हटलं, “काढून टाका तो संदर्भ.”

“काढला असता. पण निबंध त्याच्यावर उभाय. आठवड्याचे सात वार अन् सात गावं, व्यापारी एका वारातून दुसऱ्या वारात फिरतेत, कुणी कुणाला आडवा येत न्हाई. तुमचं समदं त्येच म्हणणं हाय. मी वाचलाय पूर्ण.”

माझा निबंध पूर्ण वाचणारा पहिला माणूस मला असा भेटला. आनंद व्हायला हवा होता, पण मला राग आला.

“मग राहू द्या तसाच! एकसष्ट जणांचा खपला, बासष्टावा माझाही खपेल. कोण बघतंय?”

अप्पा चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “ठिवता येईल की. पण सरांना सांगून बसलोय. लोकांनी तुमचं नाव एकसष्ट वेळा छापलंय म्हणलं. आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला. मग म्हणले, त्या मॅडमला घिऊन या.”

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे सगळं बोलायला?”

“त्यांनीच विचारलं, कशासाठी फोन केलाव म्हणून. खोटं कसं बोलू?”

मला त्यांच्या प्रिंटरवर काही तरी फेकून मारावंसं वाटलं. पण सोमवारपर्यंत दोन दिवस मोकळे होते, आणि एक आशाही होती. म्हाताऱ्याकडे हस्तलिखित असेल. त्यात हे वाक्य असेल. मग ‘अप्रकाशित हस्तलिखित’ असं लिहिलं की एपीएलाही चालतं आणि माझा निबंधही उभा राहतो.

शनिवारी सकाळी नांदेडहून नायगावची एसटी पकडली. मी खिडकीशी, अप्पा शेजारी, मांडीवर सरांसाठी पेढ्यांचा पुडा आणि एकसष्ट जणांच्या यादीची मानाची प्रत. निम्मा रस्ता ते पुड्याची सुतळी सोडून पुन्हा बांधत होते. हा माणूस असा चाळा करायला लागला की काही तरी शिजत असतं, हे मला माहीत होतं.

“मॅडम,” ते खाली बघत म्हणाले, “ते त्रेचाळीस माझं हाय.”

“काय तुमचं आहे?”

“पान नंबर. दोन हजार नऊला एका सरांचा प्रबंध आल्ता. ह्या पुस्तकापुढं पानाची जागा कोरी. सर म्हणले, जोडून टाका काईतरी, मार्गदर्शक बोंबलून राहिलेत. मला कोरी जागा बघवत न्हाई. पत्रिकेत तारीख कोरी ठिवल्यासारखं वाटतं. वरच्या पुस्तकाचं पान त्रेचाळीस होतं. तेच खाली घेतलं. दिसायला शोभत होतं.”

“आणि त्यानंतरच्या सगळ्यांनी तेच उचललं.”

“हाव. दर बारीला टाइप करताना मला वाटायचं, चला, आपलं त्रेचाळीस लोकाला कामाला येऊन राहिलंय. चौदा-पंधरा वर्षं वाटलं तसं.” त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. “अन् परवा सरांचा आवाज ऐकला, अन् लाज वाटली.”

मी बाहेर बघत बसले. मला हसू येत होतं आणि ते यायला नको होतं. हा माणूस एका आकड्यासाठी बोईनवाड सरांच्या पाया पडायला निघाला होता, आणि मी पूर्ण वाक्य उचललं होतं तरी पेढे अप्पांच्याच पैशांचे होते. माझी मलाच शरम वाटली.

सरांचं घर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. ते दारातच खुर्ची टाकून बसले होते, पांढरं धोतर, इस्त्रीची बंडी, पायाशी काठी. बायको गोदावरीबाई पाण्याचे तांबे घेऊन आल्या. अप्पा खाली वाकले आणि सरांच्या पायांना हात लावूनच त्यांनी त्रेचाळीसची कबुली दिली. सरांनी ऐकून घेतलं आणि त्यांना उठवून खुर्चीवर बसवलं.

“यादी आणलीस का?” सरांनी विचारलं.

अप्पांनी एकसष्ट नावं वाचली. सर डोळे मिटून ऐकत होते. मध्येच एखाद्या नावाला ‘हा आमच्या शाळेतला’ म्हणायचे. यादी संपल्यावर गोदावरीबाई म्हणाल्या, “एवढे लोक? अन् ह्यांना वाटायचं कुणीच वळखत न्हाई.”

पुस्तकाची गोष्ट सरांनीच सांगितली. भोकर तालुक्यातल्या एका गावात ते शिक्षक होते. बाजारच्या दिवशी अर्धी पोरं शाळेत नसायची, म्हणून त्यांनी कुठल्या गावाचा बाजार कुठल्या वारी असतो याची नोंद ठेवायला घेतली. नोंदीतून लिहिणं वाढलं. शाळेच्या स्मरणिकेत एक्याण्णव साली ‘लवकरच प्रकाशित होत आहे’ अशी चौकट छापली, लेखकाचा पत्ता नायगावचा. पहिल्या कोणी तरी संदर्भ तिथूनच उचलला असणार. मग मुलीचं लग्न निघालं, मग बदली झाली, आणि छापायचं राहून गेलं.

“मॅडम, मी त्रेचाळीस पानावर काय लिहिलंय म्हणता?” त्यांनी मला विचारलं.

मी माझा निबंध उघडला आणि वाक्य वाचून दाखवलं. वर्गात वाचते तसं, स्पष्ट.

सर हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत. गोदावरीबाई घाबरून पाणी घेऊन आल्या. मग सरांनी आतून एक कापडी पिशवी मागवली. पिशवीत दोन शाळकरी वह्या होत्या, दोऱ्यानं एकत्र शिवलेल्या, निळ्या शाईनं लिहिलेल्या. त्यांनी त्या माझ्या हातात दिल्या.

“शेवटचं पान बघा,” ते म्हणाले.

शेवटच्या पानाचा आकडा होता अडतीस.

“अडतीस पानांचं पुस्तक माझं. त्रेचाळिसावर मी काय लिहिणार?” असं म्हणून ते पुन्हा हसले. मग एकदम गंभीर झाले, शिक्षक होतात तसे. “अन् हे वाक्य चूक हाय, मॅडम. बाविसावं पान काढा.”

बाविसाव्या पानावर दोन गावांची हकिकत होती. मध्ये एक ओढा, अलीकडे एक गाव, पलीकडे दुसरं. दोन्हींचा बाजार मंगळवारी. आधी एकाचा मंगळवारी आणि दुसऱ्याचा शनिवारी होता, पण हरभऱ्याच्या डाळीच्या मापावरून दोन्ही गावांत भांडण झालं आणि दुसऱ्या गावानं मुद्दाम आपला बाजार मंगळवारवर आणला. चौदा वर्षं असं चाललं. व्यापाऱ्यांनी मग घरातली माणसं वाटून घेतली, भाऊ या गावात तर भावजय त्या गावात. कुंभाराची तर मडकी अर्धी-अर्धी व्हायची. सरांनी प्रत्येक व्यापाऱ्याचं नाव लिहिलं होतं आणि त्यानं काय विकलं तेही. खाली एक ओळ होती: ‘बाजारवार ठरवताना सोय बघतात असे आपण मानतो. प्रत्यक्षात माणसे राग धरून वार ठरवतात.’

मी ते पान तीनदा वाचलं. इतकं नेमकं लिखाण मी माझ्या विषयात फार दिवसांनी वाचत होते. आणि माझा पूर्ण निबंध त्याच्या बरोबर उलटं सांगत होता. माझी आशा तिथेच त्या गल्लीत संपली. डोळ्यांत पाणी आलं ते मी धुळीवर ढकललं, पण गोदावरीबाईंनी पदर पुढे केला. जेवून जायला लावलं.

सोमवारी दुपारी तीन वाजता मी दुकानात गेले. अप्पांनी दोन फाइली तयार ठेवल्या होत्या. एकीत चोविसाव्या क्रमांकावर बोईनवाड, १९९१, पृ. ४३, जसं एकसष्ट जणांनी लिहिलं तसं. अक्षर न् अक्षर एपीएप्रमाणे. दुसरी फाईल म्हणजे संपादकांना पत्र. त्यात लिहिलं होतं की निबंधाचा मुख्य आधार चुकीचा निघाला आहे, हस्तलिखित पाहिलं आहे, निबंध पुन्हा लिहावा लागेल, मुदत द्यावी. पत्र त्यांनी स्वतःच्या मनानं टाइप केलं होतं आणि खाली माझं नाव लिहिलं होतं, डॉ.सकट.

“पहिली पाठवली तर तुमचं काम होतंय,” अप्पा म्हणाले. “मी कुणाला काई सांगणार न्हाई. सरही न्हाई. त्यांना तर त्रेचाळिसाचं हसूच येतंय. मी चहा पिऊन येतो.”

ते गेले. मी खुर्चीवर बसले. मला बढती हवी होती, खोटं कशाला बोलू. अकरा वर्षं हवी होती. स्टाफरूममध्ये माझ्यानंतर आलेले लोक खिडकीजवळच्या खुर्च्या धरून बसतात, ते मला रोज दिसतं. पहिली फाईल मी ईमेलला जोडली. संपादकांचं नाव लिहिलं. मग ओढ्यापलीकडची ती भावजय मला आठवली, जी चौदा वर्षं दर मंगळवारी नवऱ्याच्या भावाच्या विरुद्ध बाजारात डाळ विकत बसली असेल, आणि जिचं नाव सरांनी वहीत लिहून ठेवलं होतं. मी लिहिणार होते की अशी बाई असूच शकत नाही. मी फाईल काढली, दुसरी जोडली आणि पाठवली. पाचला दहा मिनिटं कमी होती.

संपादकांचं उत्तर सात ओळींचं आणि सभ्य होतं. निबंध या अंकातून वगळला आहे, सुधारून पाठवल्यास पुढे विचार होईल. समितीची बैठक झाली. माझ्या मागून आलेले आणखी दोघे पुढे गेले. मी घरी तीन दिवस कोणाशी बोलले नाही, आणि चौथ्या दिवशी सगळ्यांशी भांडले. अप्पांवरही भडकले. यानं तो फोन केलाच नसता तर, असं सारखं वाटायचं. अजूनही कधी कधी वाटतं.

पण निबंध पुन्हा लिहिला. त्यासाठी सहा महिने भोकरच्या बाजूला गावोगाव फिरले. दर बाजाराला अप्पा बरोबर असायचे, कारण मला माहिती देणारा प्रत्येक माणूस त्यांच्या पत्रिकेतला निघायचा. तीन ठिकाणी अजूनही दोन-दोन गावांचे बाजार एकाच वारी भरतात. कारण विचारलं की दोन्ही गावं वेगवेगळं सांगतात आणि दोन्ही अजून तापलेली असतात. हा निबंध माझ्या हातून खरोखर लिहिला गेला. पुण्याच्या अंकात तो आला तेव्हा सूचीत एक ओळ होती: बोईनवाड, व्यं. (१९९१). बाजारवार [अप्रकाशित हस्तलिखित]. नायगाव. आत मजकुरात पृ. २२.

अंक घेऊन आम्ही दोघं नायगावला गेलो. सरांनी चष्मा लावला, मधली पानं सोडून थेट शेवटी गेले आणि सूचीवरून बोट खाली आणत आपल्या नावाशी थांबले. मग गोदावरीबाईंना हाक मारली. त्यांना वाचता येत नाही. सरांनी त्यांचं बोट धरलं आणि त्या ओळीवर ठेवलं.

“हे मी,” ते म्हणाले.

“बारीक हाय की हो,” गोदावरीबाई म्हणाल्या, पण बोट काढलं नाही.

मला वाटलं, झाली एवढी वर्षं वाया गेली तर गेली. अप्पा तर उघड रडत होते. तेवढ्यात सरांनी सूचीवर पुन्हा नजर टाकली. वरून खाली, खालून वर. ओठांत मोजत होते.

“चौतीस पुस्तकं दिलीत मॅडम. चांगली मोठी यादी हाय.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “ह्यातली तुम्ही किती वाचलीत?”

खोटं बोलायची सोय त्या घरात उरली नव्हती. मी मनात मोजलं.

“नऊ,” मी म्हणाले.

अप्पांनी मान खाली घातली. सर थोडा वेळ हिशेब करत बसले.

“सव्वीस टक्के,” ते म्हणाले. “पासाला पस्तीस लागतेत. आणखी तीन वाचा, म्हणजे बारा होतील, पास करतो.”

दिवाळीपर्यंत मी दोन वाचली. तिसऱ्या पुस्तकाच्या मागे आहे. आमच्या कॉलेजात नाही, विद्यापीठात नाही, लातूरला नाही, उदगीरच्या दोन्ही वाचनालयांत नाही. लेखकाचं नाव मात्र सगळ्यांना माहीत आहे.